साच्यातली गाणी

अमेरिकी लोकप्रिय संगीताच्या इतिहासात १९५९ ते १९६३ ही वर्षे ओसाड म्हणून दाखवण्याची जुनी रीत आहे. रॉक अँड रोलच्या ताऱ्यांपैकी एल्व्हिस प्रेस्ली १९५८ मध्ये सैन्यात गेला, लिटल रिचर्ड त्याआधीच धर्माकडे वळला होता, बडी हॉली ३ फेब्रुवारी १९५९ रोजी विमान अपघातात गेला आणि रिकाम्या रंगमंचाचा ताबा व्यापाऱ्यांनी घेतला, अशी ती कथा. ती खोटी नाही. पण तिने सगळ्या व्यापाऱ्यांना एकाच पंक्तीला बसवले आहे, आणि तिथे माझे तिच्याशी पटत नाही.

फिलाडेल्फियातले व्यापारी चेहरा विकत होते. फेबियन नावाचा देखणा मुलगा घराच्या पायरीवर बसलेला दिसला आणि तेवढ्या भांडवलावर त्याला गायक करण्याचे ठरले. गाता येते का, हा प्रश्न नंतरचा, आणि त्याचे उत्तर फारसे कुणाला नकोच होते. त्याच शहरातून डिक क्लार्कचा 'अमेरिकन बँडस्टँड' हा तरुणांच्या नाचगाण्यांचा कार्यक्रम १९५७ पासून देशभर दूरचित्रवाणीवर दिसू लागला होता, त्यामुळे आवाजापेक्षा केसांच्या झुलपांना भाव आला. यांतली बहुतेक गाणी मला आज ऐकवत नाहीत.

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे या रस्त्यावरचा कारखाना मात्र गाणे विकत होता. डॉन कर्शनर आणि अल नेव्हिन्स यांनी १९५८ मध्ये 'अल्डन म्युझिक' ही गीतप्रकाशन कंपनी काढली आणि पियानो मावेल एवढ्याच खोल्यांत तरुण जोड्यांना गाणी रचायला बसवले. शेजारच्या खोलीतली चाल ऐकू येई, आणि चुरस आपोआप लागे. विषय कोवळ्या वयातले प्रेम, अवधी जेमतेम अडीच मिनिटांचा. साचा म्हणावा तर याहून घट्ट कोणता! तरीही १९६० मध्ये अठरा वर्षांच्या कॅरोल किंगने जेरी गॉफिनच्या शब्दांना चाल दिली आणि 'शिरेल्स' या कृष्णवर्णीय मुलींच्या गटाने गायलेल्या 'विल यू लव्ह मी टुमारो'मधून, आजची रात्र सरल्यावर उद्याचे काय, हा त्या काळच्या रेडिओला अवघडवणारा प्रश्न थेट विचारला गेला. पाल्हाळाला वाव नसल्यामुळेच तो इतका लागतो, असे मला वाटते. पुढे आपली गाणी आपणच रचणाऱ्या बीटल्सनी हा कारखाना निकालात काढला म्हणतात. पण त्यांच्या १९६३ च्या पहिल्याच एलपीवर गॉफिन आणि किंग यांचे 'चेन्स' आहे.

गंमत अशी, की कर्शनर स्वतःच पुढे चेहऱ्यांच्या धंद्यात उतरला. दूरचित्रवाणीसाठी जमवलेल्या 'मंकीज'ची गाणी तो ठरवू लागला. त्या मुलांनी आपली वाद्ये आपणच वाजवण्याचा हट्ट धरला आणि १९६७ मध्ये त्यालाच बाहेर पडावे लागले. नंतर त्याने हट्ट न करणारे गायक शोधले, म्हणजे व्यंगचित्रांतला आर्ची आणि त्याची मित्रमंडळी. आवाज पडद्यामागच्या रॉन डान्टे प्रभृतींचा. 'शुगर, शुगर' १९६९ मध्ये चार आठवडे 'बिलबोर्ड' या अमेरिकी साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिले राहिले, आणि नाइलाजाने का होईना मान्य करावे लागते, की ते फार नेटके बांधलेले गाणे आहे. ते रचणाऱ्या दोघांपैकी जेफ बॅरी ब्रॉडवेच्याच तालमीत घडलेला होता.