तुम्ही विचारलेत म्हणून: तो तेरावा माणूस कोण होता?

गेली कित्येक वर्षे कॅलगरीला गणपतीसाठी जमलो की जेवणे आटोपल्यावर कोणीतरी तोच प्रश्न काढते : 2009 च्या ग्रे कपच्या, म्हणजे कॅनडियन फुटबॉलच्या विजेतेपदाच्या, अंतिम सामन्यात आमच्या सस्कॅचेवान प्रांताच्या रफरायडर्स संघाकडून मैदानात उतरलेला तेरावा खेळाडू कोण होता, आणि त्याचे नाव मी का सांगत नाही? विचारणारे सगळे कॅनडात मुरलेले आहेत. इथल्या फुटबॉलमध्ये एका बाजूला बाराच खेळाडू असतात, हे त्यांना माझ्याकडून ऐकायचे नसते. मी तेव्हा स्टेडियममध्ये होते हेही त्यांना ठाऊक आहे, कारण त्या रात्री आमचा मुक्काम त्यांच्याच घरी होता. मी दरवेळी विषय बदलते आणि हरल्याचा राग अजून गेलेला नाही असे ते समजतात. राग गेलेला नाही हे खरे आहे, पण नाव न सांगण्याचे कारण वेगळे आहे, आणि ते एकदा नीट लिहून ठेवावे असे वाटते.

आम्ही 2006 मध्ये रफरायडर्सच्या शहरात, रिजायनाला आलो आणि पुढच्याच वर्षी रायडर्सनी टोरांटोत विनिपेगला 23-19 असे हरवून ग्रे कप जिंकला. शेजारच्या आजी अंगणातल्या थंडीत उभ्या राहून रडत होत्या, ते पाहून मला नवल वाटले होते. आधीचा कप 1989 चा होता आणि त्याच्याही आधीचा 1966 चा, हे मला त्यांनीच सांगितले, पण तेव्हा ते आकडे माझ्या कानांवरून गेले. ज्याला पहिल्याच पावसात पीक मिळाले त्याला दुष्काळ कसा कळणार?

हळूहळू कळू लागले. 1910 मध्ये रिजायना रग्बी क्लब म्हणून सुरू झालेल्या या संघाला कोणी धनाढ्य मालक नाही. क्लबचे भाग लोक विकत घेतात, त्यांवर लाभांश मिळत नाही, तरीही ते चौकटीत घालून भिंतीवर लावतात. 1987 मध्ये आणि पुन्हा 1997 मध्ये संघ बुडण्याच्या बेतात आला, तेव्हा दूरचित्रवाणीवरून लोकांना हाक घालावी लागली. 1997 मध्ये तर दोन लाख तिकिटे विकण्याचे उद्दिष्ट समोर ठेवले होते. म्हणूनच इथल्या प्रेक्षकांना ‘तेरावा माणूस’ म्हणण्याची रीत पडली. बारा मैदानात आणि तेरावे आपण, असा त्याचा अर्थ. हिरवा सदरा घालून मीही स्वतःला तेरावी म्हणवून घेत असे, आणि ते मनापासून होते.

आता ती रात्र. 29 नोव्हेंबर 2009, कॅलगरीचे मॅकमहन स्टेडियम. रिजायनाहून साडेसातशे किलोमीटर गाडी चालवून आम्ही गेलो होतो. समोर माँट्रियल अलुएट्स होते, ज्यांनी त्या हंगामातल्या अठरापैकी पंधरा सामने जिंकले होते. आमचा संघ 1976 नंतर प्रथमच पश्चिम विभागात अव्वल आला होता. मध्यंतराला आम्ही 17-3 असे पुढे होतो आणि चौथ्या सत्रात 27-11 असे. माझ्या शेजारी स्विफ्ट करंटजवळ गव्हाची शेती करणारे एक वयस्क गृहस्थ बसले होते. 27-11 झाल्यावर सगळे उठून ओरडत असताना ते मात्र बसून राहिले आणि हातमोजे काढून पुन्हा घालत राहिले. पाहता पाहता माँट्रियलने दोन टचडाउन केले, म्हणजे दोनदा चेंडू आमच्या टोकापार नेला, आणि गुणफलक 27-25 झाला. घड्याळात काही सेकंद उरले असताना त्यांचा किकर डेमन डुव्हाल 43 यार्डांवरून फील्ड गोल मारायला, म्हणजे तीन गुणांसाठी चेंडू खांबांमधून पाठवायला, उभा राहिला.

चेंडू उजवीकडून बाहेर गेला. घड्याळात शून्य होते. मी त्या अनोळखी गृहस्थांना मिठी मारली, माझा नवरा पुढच्या रांगेतल्या कोणाच्या तरी खांद्यावर डोके टेकून हसत होता, आणि आमच्या बाजूचा सगळा हिरवा समुदाय एकदम उसळला. त्या गृहस्थांचे हात माझ्या पाठीवर होते आणि ते हात सैल पडले, हे मला आधी जाणवले. मैदानात पडलेले पंचांचे दंडाचे नारिंगी निशाण नंतर दिसले. पंचांनी सांगितले की सस्कॅचेवानचे खेळाडू जास्त होते. मी त्या गृहस्थांना विचारले, “जास्त म्हणजे किती?” ते म्हणाले, “एक.” दंडाचे दहा यार्ड मिळाल्यामुळे डुव्हाल आता 33 यार्डांवर होता. वेळ संपली तरी अशा दंडानंतर खेळ पुन्हा घ्यावा लागतो, हा नियम मला माहीत होता, तरीही कोणीतरी येऊन ‘वेळ संपली आहे’ असे सांगेल, अशी वाट मी पाहत राहिले. दुसरी किक सरळ आत गेली. 28-27. संपूर्ण सामन्यात माँट्रियल एकदाही पुढे नव्हते, ते त्या शेवटच्या किकनंतरच पुढे गेले.

परतीच्या वाटेवर मी जे बोलले, ते मला इथे लिहायला हवे. ‘कोण होता तो’ एवढेच मी मेडिसिन हॅटपर्यंत विचारत होते. घरी आल्यावर सामन्याचे ध्वनिचित्रमुद्रण थांबवून थांबवून पाहिले, पडद्यावर बोट ठेवून तेरा माणसे मोजली, आणि त्यांतला नको असलेला कोणता, हे स्वतःच ठरवले. पुढे दोन वर्षे मी ते नाव घरोघरी सांगत होते. ज्यांना आठवत असेल त्यांनी ते विसरावे, ही माझी विनंती आहे. मुख्य प्रशिक्षक केन मिलर यांनी कोणा एका खेळाडूकडे बोट दाखवले नाही, याचा तेव्हा मला संताप आला होता आणि ते लोकांपासून सत्य लपवत आहेत असे मी म्हणत असे.

तेव्हाच्या मला आज मी विचारते : सोळा गुणांची आघाडी कोणी घालवली? दोन टचडाउन होताना मैदानात बाराच जण होते ना? यावर तेव्हाची मी उत्तर देते की ते सगळे खरे असले तरी शेवटची किक चुकली होती, आपण जिंकलो होतो, आणि एका माणसाने पायरीवर आलेला कप परत नेला. या उत्तरापुढे आजही मला पटकन काही सुचत नाही.

2010 च्या अंतिम सामन्यात पुन्हा माँट्रियलशीच गाठ पडली आणि एडमंटनमध्ये आम्ही 21-18 असे हरलो. पुढच्या उन्हाळ्यात ते शेतकरी गृहस्थ मला रायडर्सच्या मैदानावर, टेलर फील्डवर भेटले. बोलण्याच्या ओघात मी ते नाव घेतले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि 1976 बद्दल बोलू लागले. त्या अंतिम सामन्यात वीस सेकंद उरले असताना ऑटवाच्या टोनी गॅब्रिएलने झेल घेऊन आम्हाला 23-20 असे हरवले होते. गॅब्रिएलला रोखायचे काम कोणाचे होते, ते नाव आपण गावातल्या प्रत्येक चहाच्या टेबलावर तीस वर्षे घेत आलो, असे ते म्हणाले, आणि थोडे थांबून, “ते मला करायला नको होते,” एवढेच बोलले. मग आम्ही हवेबद्दल बोललो.

या संघाच्या चार खेळाडूंची नावे इथे आदराने घेतली जातात : मेल बेकेट, मारिओ डीमार्को, रे सर्निक आणि गॉर्डन स्टर्ट्रिज. डिसेंबर 1956 मध्ये व्हँकुव्हरहून परतताना त्यांचे विमान माउंट स्लेसीवर कोसळले. त्यांचे 40, 55, 56 आणि 73 हे क्रमांक पुन्हा कोणाला दिले जात नाहीत. जिथे नावे अशी जपतात, तिथे एखाद्याचे नाव एका पावलाच्या चुकीसाठी पिढ्यानपिढ्या उच्चारले जावे, हे मला आता सहन होत नाही. मात्र यात माझा मोठेपणा नाही. स्वतःला तेरावी म्हणवणाऱ्या मीच त्याला सर्वांत आधी परका ठरवले होते.

2013 चा कप घरच्या मैदानावर आला. 2025 चा अंतिम सामना विनिपेग शहरात झाला, समोर पुन्हा माँट्रियलच होते आणि आम्ही 25-17 असे जिंकलो. त्या रात्री कॅलगरीहून फोन आला : “आता तरी फिटले ना? आता तरी नाव सांगा.” मी सांगितले नाही. फिटले की नाही, हेही मला सांगता आले नाही, कारण तो सामना पाहतानासुद्धा माँट्रियलचा किकर पुढे आला की मी सोफ्यावरून उठून पडद्याजवळ जात होते आणि आमची माणसे मोजत होते. बारा भरले की मी मागे येऊन बसत होते.