काकूंचा पहिला पुश-अप

कोल्हापुरात मी बायकांची व्यायामाची बॅच घेते, सकाळी अकराची. डबे भरून, धुणं वाळत घालून बायका येतात. गेल्या पावसाळ्यात त्यात एक काकू दाखल झाल्या. वय 52, वजन 62 किलो. फॉर्मवर 'उद्देश' या रकान्यात बहुतेक जणी 'वजन कमी करणे' लिहितात. काकूंनी लिहिलं होतं, 'जोर मारता यावा.'

त्यांचं सासर तालमीचं. सासरे, दीर, नवरा सगळे मातीत उतरलेले. लग्न होऊन आल्यापासून पहाटे उठून बदाम घोटायचे, थंडाई गाळायची, दूध-तुपाचं बघायचं, हे सगळं काकूंकडे. "खुराक माझ्या हातचा, जोर त्यांचे. एक तरी मला मारून बघायचाय, मॅडम." पैलवानांचा जोर झोकात जातो, कंबर वर-खाली होते. मी म्हटलं, आधी सरळ पुश-अप करू. अंग नेमकं कुठं कमी पडतंय, ते त्यात लगेच दिसतं.

आणि दिसलंच. काकूंचे हात काही कच्चे नव्हते. पण जमिनीवर हात टेकून पाय मागे नेले की कंबर लगेच खाली लोंबायची आणि खांद्याची पाती पाठीतून वर यायची. त्या रोज सूर्यनमस्कार घालायच्या, म्हणून त्यांना आश्चर्य वाटलं. सूर्यनमस्कारात आपण साष्टांग खाली जातो आणि तिथून छाती पुढे काढत भुजंगासनात जातो. छाती जमिनीला लागलेली असताना अख्खं अंग एकसंध उचलायची वेळ त्यात येतच नाही. खाली जाण्याचा सराव वर्षानुवर्षांचा, वर येण्याचा शून्य.

अशा वेळी सरसकट 'गुडघे टेकून करा' असं सांगितलं जातं. मला ते फारसं पटत नाही. गुडघे टेकले की हातांवरचा भार कमी होतो हे खरं, पण पोट, कंबर आणि मांड्यांचं कामही कमी होतं, आणि काकूंची अडचण तर तिथंच होती. त्यापेक्षा हात उंचावर ठेवावेत आणि अंग टाचेपासून डोक्यापर्यंत सरळ ठेवावं. उंची जितकी जास्त, तितका भार कमी. आम्ही भिंतीपासून सुरुवात केली, मग स्मिथ मशीनच्या, म्हणजे दोन उभ्या खांबांमध्ये वर-खाली सरकणाऱ्या आडव्या दांडीच्या, बारवर आलो. त्या खांबांना बार अडकवायला खाचा असतात, त्यामुळे भार हळूहळू वाढवता येतो. पाच पुश-अप स्वच्छ झाले की बार एक खाच खाली.

स्वच्छ म्हणजे काय, यावर माझा हट्ट असतो. मी काकूंच्या पाठीवर काठी आडवी न ठेवता उभी ठेवायची, डोक्यापासून खालपर्यंत. डोक्याची मागची बाजू, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी ती टेकलेली राहिली पाहिजे. कोपरं बाहेर फाकवायची नाहीत, अंगापासून साधारण 45 अंशांत. मनगट दुखायला लागलं तेव्हा षटकोनी डंबेल जमिनीवर ठेवून त्यांची मूठ धरायला दिली, म्हणजे मनगट सरळ राहतं.

सुरुवातीच्या आठवड्यांत बार भराभर खाली आला. तेव्हा स्नायू फारसे वाढलेले नसतात. आहेत तेच स्नायू एकत्र कामाला लावायला मज्जासंस्था शिकत असते. नंतर गाडी अडली. दिवाळीच्या आसपास तर एकाच खाचेवर आठवडेच्या आठवडे गेले. मग खाली जाण्यावर भर दिला. जमिनीवर, पाच आकडे मोजत सावकाश खाली जायचं आणि गुडघे टेकून उठायचं. उचलता येत नाही इतकं वजन माणूस आवरत खाली नेऊ शकतो, म्हणून हा उपाय चालतो. जोडीला मी डाळी, अंडी, दही वाढवायला सांगितलं. घरातल्या खुराकाचा वाटा आता काकूंच्याही ताटात पडायला लागला, याचा मला मनापासून आनंद झाला.

मग थंडीतल्या एका सकाळी सगळ्यात खालच्या खाचेवर पाच निघाले. काकू म्हणाल्या, "आज जमिनीवर बघू." बाकीच्या बायका आपापलं सोडून भोवती उभ्या राहिल्या.

काकू खाली गेल्या, छाती टेकली. पुश-अपमध्ये हात सरळ असताना शरीराच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग हातांवर असतो, छाती जमिनीजवळ असताना तो आणखी वाढतो. म्हणजे काकूंच्या दंडांवर चाळीस-पंचेचाळीस किलो. खांदे उठले, पण कंबर मागे राहिली आणि नंतर वर आली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, "काकू, हा धरायचा नाही. छाती आणि कंबर एकदम उठली पाहिजे."

बायका माझ्यावर चिडल्या. एकजण म्हणाली, "मॅडम, एवढं काय, झाला की!" पण काकूंनी मान डोलावली. घरात इतकी वर्षं पैलवान बघितलेली बाई, तिला अर्धवट जोर कळतो. त्यांना अर्ध्याचं कौतुक देऊन मी पाठवलं असतं, तर तो त्यांच्या मेहनतीचा अपमान झाला असता.

तीन मिनिटं बसवलं, पाणी दिलं. एवढंच सांगितलं, "वर येताना हातांकडे लक्ष नको. खाली असतानाच मांड्या आणि पोट आवळा, आणि जमीन ढकला."

दुसऱ्यांदा त्या खाली गेल्या. जमिनीपासून वीतभर उंचीवर अंग अडलं. तिथंच सगळ्यांचं अडतं, कोपराचा कोन तिथं सगळ्यात अवघड असतो. दंड थरथरत होते, कानशिलं लाल झाली होती. मी पाठीच्या रेषेवरून नजर हलवली नाही. रेषा मोडली नाही. श्वास सोडत त्या इंच इंच वर आल्या आणि कोपरं सरळ झाली.

"धरला," मी म्हटलं.

काकू जमिनीवरच बसून हसायला लागल्या, मग रडल्या, मग पुन्हा हसल्या. माझेही डोळे भरले.

आता त्या एका वेळी एकच मारतात, दोन मिनिटं थांबतात, पुन्हा एक. आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस सुट्टी. पाच सलग जमले की झोकाचा जोर शिकवायला घेणार आहे. त्यासाठी खांदे आणि मांड्यांच्या मागच्या बाजू मोकळ्या करायला आम्ही आत्तापासूनच सुरुवात केली आहे.