कुत्र्याचा रंग कोणता?

माझी ठासणीची बंदूक पंधरा महिने पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत पडून होती. ती का अडकली आहे, हे त्यातले पहिले अकरा महिने मला कुणी सांगितलं नाही. जिल्ह्याच्या कचेरीत गेलं की ‘पोलिसांचा अहवाल यायचाय’. ठाण्यात गेलं की ‘अहवाल कधीच पाठवलाय, जावक नंबर घ्या’. नंबर घेऊन कचेरीत गेलं की ‘आलाय, पण त्रुटी आहे, परत पाठवलाय’. कसली त्रुटी, असं विचारलं की समोरचा माणूस फाइल मिटायचा. अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

घडलं ते थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर 2024 चा पहिला आठवडा, भात कापणीला आलेलं. रात्री डुकरं येतात म्हणून बंदुकीत दारू-छर्रे ठासून ठेवले होते, केप (बार पेटवणारी छोटी टोपी) लावलेली नव्हती. (हे वाक्य मी नंतर किमान सहा ठिकाणी सांगितलं. घरात ठासलेली बंदूक ठेवणं ही माझी पहिली चूक, तेव्हा तुम्ही ती करू नका.) पहाटे गोठ्यात शेळ्यांचा आकांत ऐकू आला. चार कुत्री आत शिरली होती. एक शेळी गेली होती, दुसरीचं नरडं धरलेलं. पुतण्या माझ्याआधी काठी घेऊन धावला आणि एका कुत्र्यानं त्याची पोटरी फोडली. मी अंगणातून केप लावून बार काढला. कुत्री तोवर गोठ्याच्या मागच्या दारानं बाहेर पडत होती. एक कोसळलं, तीन पळाली. कोसळलेल्याच्या गळ्यात पट्टा होता. ते शेजाऱ्याचं होतं आणि माझ्या ओसरीवर रोज येऊन बसायचं.

शेजाऱ्यानं तक्रार दिली. त्याच्या जागी मी असतो तर मीही दिली असती. गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली लागला. प्राणी मारणं, विष घालणं, अपंग करणं या सगळ्याला ते एकच कलम आहे आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत. पूर्वीच्या कायद्यात जनावराच्या किमतीवरून दोन वेगळी कलमं होती, ती आता राहिली नाहीत. गावात सगळे सांगत होते, ‘अरे, कुत्र्याला मारलं तर पन्नास रुपये दंड.’ तो दंड प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याबद्दलच्या 1960 च्या कायद्यातला. पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये हे त्यात खरंच लिहिलेलं आहे. पण पोलीस तेवढ्यावर थांबत नाहीत. पन्नास रुपयांच्या भरवशावर कुणी राहू नये.

वरून शस्त्र अधिनियमाचं कलम 30, म्हणजे परवान्याच्या अटीचा भंग. माझा परवाना शेतीसंरक्षणाचा. शेळी म्हणजे शेती नव्हे, असं मला ठाण्यात ऐकवलं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. परवान्याच्या मागच्या अटी मी तोवर कधी वाचल्या नव्हत्या. तुम्ही आज रात्रीच वाचा. डुकराच्या बाबतीतही हा परवाना म्हणजे मारायची मुभा नाही, त्याला वन विभागाची वेगळी परवानगी लागते.

स्वसंरक्षणाचं काय, हे प्रत्येकजण विचारतो. मीही विचारलं. वकील म्हणाले, ‘स्वसंरक्षणाची कलमं समोरून गुन्हा होत असताना लागतात. कुत्रं गुन्हा करत नाही. आपल्याला न्याय संहितेचं कलम 19 जवळचं आहे.’ मोठं नुकसान टाळण्यासाठी, गुन्हेगारी हेतू नसताना, लहान नुकसान केलं तर तो गुन्हा नाही, असं ते कलम. पण त्यात एक मेख आहे. नुकसान टळणार होतं की आधीच होऊन गेलं होतं? कुत्री आत येत होती की बाहेर जात होती? पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांच्या शवविच्छेदनात छर्रे मागच्या बाजूनं शिरल्याचं लिहिलं होतं. वकिलांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘शेजाऱ्याशी बोला.’

जामीन, जबाब, तारखा सगळं रीतसर झालं. मार्च 2025 मधल्या लोक अदालतीत शेजाऱ्यानं प्रकरण आपसांत मिटवलं. मी त्याच्याविरुद्ध दिलेला अर्ज मागे घेतला. (मोकाट सोडलेल्या जनावराबद्दल मालकालाही न्याय संहितेचं कलम 291 लागू शकतं, सहा महिने किंवा पाच हजार किंवा दोन्ही.) त्यानं एक पैसा मागितला नाही. एवढंच म्हणाला, ‘पोराला चावलं म्हणून सोडतोय. नाहीतर माझं कुत्रं कुणाच्या वाटेला जाणारं नव्हतं.’ मी मान हलवली. त्या मान हलवण्याकडे परत येतो.

मला वाटलं, संपलं. कोर्टाचा मुद्देमाल परत देण्याचा आदेश घेऊन मी ठाण्यात गेलो. मुद्देमाल कारकून भला माणूस होता. त्यानं आदेश वाचला आणि विचारलं, ‘परवाना कुठाय?’ परवाना डिसेंबरातच निलंबित झाला होता. म्हणजे कोर्ट म्हणतं बंदूक द्या, पण परवाना नसलेल्याच्या हातात बंदूक देणारा पोलीस स्वतःच आत जाईल. जप्त वस्तू ठाण्यात विनाकारण कुजवू नये असा सर्वोच्च न्यायालयाचा 2002 चा निकाल आहे, वकील मंडळी त्याला नुसतं ‘सुंदरभाई’ म्हणतात. मी तो छापून नेला होता. कारकुनानं तोही वाचला आणि म्हणाला, ‘काका, हे गाडीला चालतं. बंदुकीला आधी परवाना.’

तिथून कचेरी सुरू झाली.

पहिल्यांदा गेलो तेव्हा कळलं की माझं प्रकरण ऑक्टोबरपासून फारसं हललेलंच नाही. 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली, सगळा विभाग निवडणुकीला जुंपला गेला, आणि त्या दिवसांत शस्त्राची फाइल म्हणजे फक्त जमा करून घेण्याची फाइल. मग मार्चअखेर. मग बदल्या. मी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी जायचो, कारण एकदा कुणीतरी म्हणालं होतं की साहेब मंगळवारी असतात. नसायचे. बाकावर बसून बसून मला बारनिशीतल्या (आवक-जावक टेबलावरच्या) मुलीच्या डब्यात काय असतं ते पाठ झालं. ऑगस्ट 2025 मध्ये दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांवरून सर्वोच्च न्यायालयाचा 11 तारखेचा आदेश आला, 22 तारखेला तो बदलला, आणि त्या दोन आठवड्यांत कचेरीतल्या प्रत्येकानं मला थांबवून कुत्र्यांवर मत ऐकवलं. निम्म्यांच्या मते मला बक्षीस द्यायला हवं होतं, निम्म्यांच्या मते बेड्या. फाइल मात्र जागची हलली नाही.

शेवटी पुतण्या म्हणाला, ‘काका, माहिती अधिकार टाका.’ दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज केला. मागितलं एवढंच की माझ्या प्रकरणातल्या सगळ्या टिपण्यांच्या प्रती द्याव्यात. ‘माझं काम का झालं नाही’ असा प्रश्न अर्जात कधी लिहू नका, त्याला उत्तर द्यायला ते बांधील नसतात. कागद मागा. तिसाव्या दिवशी चौदा पानं हातात पडली. सातव्या पानावर, हिरव्या शाईत, एक ओळ होती: ‘श्वानाच्या वर्णनात तफावत. खुलासा घ्यावा.’

खुलासा घ्यावा, असं फेब्रुवारीत लिहिलेलं. तो माझ्याकडून घ्यायचा होता. मला कुणी कळवलंच नाही.

तफावत अशी. पंचनाम्यात मेलेलं कुत्रं तपकिरी. शवविच्छेदनात फिकट तांबूस. शेजाऱ्याच्या तक्रारीत चॉकलेटी. इथवर ठीक, तीन माणसांचे तीन डोळे. दवाखान्याच्या केसपेपरवर रंग नाही, पण ‘चावलेले कुत्रे मृत’ असं स्पष्ट लिहिलेलं. आणि पुतण्याच्या जबाबात, त्याच्या सहीनिशी: ‘काळ्या रंगाच्या कुत्र्याने मला चावा घेतला.’

टेबलावरच्या बाईंनी पाचही कागद शेजारी शेजारी मांडले आणि खरोखरच कुतूहलानं विचारलं, ‘काका, यात एकूण कुत्री किती आहेत?’

मला उत्तर ठाऊक होतं, पहिल्या दिवसापासून. त्या पहाटे दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, ‘चावलेलं कुत्रं कुठाय?’ आणि मी म्हणालो, ‘मारलं.’ विचार करून बोललो नव्हतो, पण नंतर दुरुस्तही केलं नाही. पुतण्या जखम साबणानं धुवून घेत होता, तोही काही बोलला नाही. चावलेलं कुत्रं समोर असतं तर दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवता येते, हे डॉक्टरांनी मला तेव्हा रागानं समजावलं. ‘मारून काय मिळवलंत?’ म्हणाले. जखमेत इम्युनोग्लोब्युलिन दिलं, मग 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी लस. तो डोस डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे पुरा करायचा असतो, कुत्रं धडधाकट दिसलं म्हणून पहिलं इंजेक्शन लांबवायचं नसतं. पण माझ्या एका शब्दामुळे त्या काळ्या कुत्र्याकडे कुणी बघितलंच नाही. ते पुढे आठवडाभर वाडीत फिरत होतं. मी रोज बघत होतो.

ठाण्यातल्या साहेबांनी माझ्या डोक्यावरचं ओझं हलकं करायला उपाय सुचवला. वाईट मनानं नव्हे. ‘पुतण्याचा पुरवणी जबाब घेऊ. पहाटे अंधार होता, रंग नीट दिसला नाही, एवढंच लिहायचं. आठवड्यात अहवाल जातो बघा.’ मी घरी येऊन पोराला सांगितलं. तो एकोणीस वर्षांचा. म्हणाला, ‘काका, गोठ्यात बल्ब चालू होता. मला दिसलं होतं.’ मग थोडं थांबून म्हणाला, ‘तुम्हालाही दिसलं होतं ना?’

त्यावर मी त्याच्यावर ओरडलो. अकरा महिने हेलपाटे मी घालत होतो, तो नव्हे. जेवलो नाही. दोन दिवस बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी खुलासा मी स्वतः लिहिला, वकिलांना न दाखवता. (हे करू नका. त्यांनी नंतर दोन वाक्यं गाळायला लावली, आणि ते बरोबर होते.) लिहिलं की चार कुत्री होती, चावलं ते काळं, मेलं ते तपकिरी. बार झुंडीच्या दिशेनं काढला, एका कुत्र्यावर नेम धरला नव्हता, ठासणीच्या बंदुकीचे छर्रे पसरतात. त्या क्षणी पुतण्या जमिनीवर पडलेला होता आणि कुत्री परत फिरतील की काय हे मला कळत नव्हतं. केसपेपरवरची नोंद माझ्या तोंडी माहितीवरून झाली आणि ती चुकीची आहे. ‘हवेत बार का काढला नाही?’ असा प्रश्न कचेरीच्या नोटिशीत होता. त्याला उत्तर सोपं होतं: ठासणीत एकच बार असतो, तो हवेत गेला की हातात उरतं ते दांडकं.

दाखल करायच्या आदल्या संध्याकाळी त्याची झेरॉक्स घेऊन शेजाऱ्याकडे गेलो. लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणजे तो आता माझं काही बिघडवू शकत नव्हता. हे मला माहीत होतं, आणि बहुधा म्हणूनच पाय उचलले. त्यानं दारातच उभ्यानं वाचलं, दोनदा. म्हणाला, ‘हे मार्चमध्ये सांगायचं होतंस, भाऊ.’ झेरॉक्स घडी करून खिशात ठेवली आणि आत गेला.

त्यानंतर कचेरीत सगळं भराभर झालं, याचाच जास्त राग येतो. खुलासा, पोलिसांचा नवा अहवाल, एक सुनावणी. पाच मिनिटंही लागली नाहीत. साहेबांनी विचारलं ते एवढंच, की आता बंदूक कुठे ठेवणार आणि ठासून ठेवणार का. डिसेंबर 2025 मध्ये आदेश निघाला: निलंबन मागे, सक्त ताकीद. निलंबन झालं असेल तर आदेशातली कारणं लेखी मागा. शस्त्र अधिनियमाच्या कलम 17 नुसार ती नोंदवावी लागतात आणि मागितल्यावर थोडक्यात द्यावीही लागतात, सार्वजनिक हिताचं कारण सांगून अडवली नाहीत तर. कलम 18 नुसार वर अपीलही करता येतं. हे मला पहिल्याच महिन्यात माहीत असतं तर सातवं पान तेव्हाच हातात आलं असतं. आणि हो, जबाब सही करण्यापूर्वी वाचा, स्वतःचा आणि घरातल्या दुसऱ्याचाही. दवाखान्याचा केसपेपर तर सगळ्यात आधी.

जानेवारीत मुद्देमाल कारकुनानं बंदूक काढून दिली. दारू ठासायचा गज सापडेना, तो दुसऱ्या कुणाच्या तरी गठ्ठ्यात बांधला गेला होता, त्यात अर्धा तास गेला. नळी आतून लाल झालेली. सही करताना कारकून परवान्याकडे बघून म्हणाला, ‘काका, मुदत 31 डिसेंबरला संपली की. नूतनीकरण का नाही केलंत?’

परवाना तेव्हा निलंबित होता, असं मी सांगितलं. तो म्हणाला, तसा अर्ज द्या. बंदूक परत आत गेली आणि मी कचेरीची गाडी पकडली. मंगळवार होता.