फोमचा ड्रम, वर्कशॉपमधलं ग्रीस आणि गळ्यातली गाठ

दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कितीतरी वाड्यांत नौदलातून निवृत्त होऊन आलेली माणसं आहेत. बीपी, शुगर वेळच्या वेळी तपासतात, गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीकडे मात्र लक्ष जात नाही. नोकरीत हाताला काय काय लागलं, हेही डॉक्टरकडे सहसा निघत नाही.

या दोन्हींचा संबंध काय, ते एका उदाहरणातून बघू. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅम्प लेजून या मरीन तळावर १९५३ ते १९८७ पर्यंत पिण्याच्या पाण्यात ट्रायक्लोरोएथिलीन, बेन्झीन अशी रसायनं होती. १९८२ साली तिथल्या एका नळाच्या पाण्यात ट्रायक्लोरोएथिलीन लिटरला १,४०० मायक्रोग्रॅम सापडलं. तिथली आजची मर्यादा आहे ५. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या सरकारी अभ्यासात या तळावरच्या सैनिकांची कॅलिफोर्नियातल्या कॅम्प पेंडलटनशी, म्हणजे असं दूषित पाणी नसलेल्या तळाशी, तुलना झाली, आणि थायरॉइडचा कॅन्सर साधारण २० टक्क्यांनी जास्त निघाला. हा आजार मुळात कमी लोकांना होतो, त्यामुळे आकडा वाचून घाबरायचं नाही. पण दुर्लक्षही नको.

हेच ट्रायक्लोरोएथिलीन वर्कशॉपमध्ये यंत्रांच्या सुट्या भागांवरचं ग्रीस काढायला वापरलं जातं. किंचित गोडसर वास, हात बुडवला की थंड लागतं आणि लगेच उडून जातं. बंद जागेत काम असेल तर ते थेट श्वासातून आत जातं.

दुसरी गोष्ट तेलाची आग विझवणारा फोम, एएफएफएफ. जुन्या फोममध्ये पीफास गटातली फ्लोरिनयुक्त रसायनं असतात. त्यातलं पीफॉस रक्तात गेलं की निम्मं कमी व्हायलाच पाचेक वर्षं लागतात. थायरॉइडचं हार्मोन वाहून नेणाऱ्या प्रथिनाला ही रसायनं चिकटतात. कॅन्सरशी संबंध काही अभ्यासांत दिसतो, काहींत नाही. म्हणून 'फोममुळेच झालं' असं छातीठोक कुणी सांगू नये.

करायचं काय? उजेडात आरशासमोर बसा, हनुवटी थोडी वर करा, पाण्याचा घोट घ्या. गिळताना कंठमण्याच्या खाली, गळपट्टीच्या हाडांच्या वर बघा. घोटाबरोबर वर सरकणारा फुगवटा दिसला तर डॉक्टरकडे जा. गाठ कडक असेल, भराभर वाढत असेल, आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसला असेल किंवा मानेच्या बाजूलाही गाठी लागत असतील, तर थांबू नका.

सगळ्यात जास्त घोटाळा पुढे होतो. टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करतात, रिपोर्ट नॉर्मल येतो आणि माणूस निर्धास्त होऊन घरी जातो. टीएसएच ग्रंथीचं काम दाखवतं, कॅन्सर नाही. गाठ असेल तर गळ्याची सोनोग्राफीच हवी. तिच्या रिपोर्टवर टायरॅड्स श्रेणी, म्हणजे गाठ किती संशयास्पद दिसते ते सांगणारा १ ते ५ आकडा, लिहून मागा. पाचव्या श्रेणीची गाठ एक सेंटीमीटर किंवा मोठी असली तर सुईने तपासणी, म्हणजे एफएनएसी, करतात. चौथ्या श्रेणीला दीड सेंटीमीटर, तिसऱ्या श्रेणीला अडीच. बहुतेक गाठी साध्याच निघतात. गाठ किंवा त्रास नसताना मात्र सगळ्या घराची सोनोग्राफी करत सुटू नका. दक्षिण कोरियात तसं झालं, तेव्हा रुग्णसंख्या कित्येक पटींनी वाढली आणि मृत्यू होते तेवढेच राहिले. ऑपरेशनं मात्र झाली.

'आम्ही रोज मासे खातो, आम्हाला कसला थायरॉइड' हे गावात सर्रास ऐकू येतं. माशातलं आयोडीन गलगंड टाळायला मदत करतं. रसायनांपुढे त्याचा उपयोग नाही. तसंच पाण्याचं. फोमच्या सरावाच्या मैदानाजवळ विहीर असेल तर पाणी उकळून किंवा टीसीएल टाकून पीफास जात नाही. उकळल्यावर उलट दाट होतं. आरओ किंवा चांगला कार्बन फिल्टर लागतो, आणि कार्बन वेळेवर बदलावा लागतो.

एका कागदावर लिहून ठेवा: कुठली जहाजं, कुठलं वर्कशॉप, किती वर्षं, फोमचा सराव कितीदा, हातमोजे होते का, लहानपणी मानेला रेडिएशन दिलं होतं का, जवळच्या नात्यात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर होता का. एक प्रत डिस्चार्ज बुकात, एक ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्डाबरोबर. बायकोला किंवा मुलांना ती कुठे आहे ते दाखवून ठेवा.