दूरच्या सर्व्हरचा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर पासवर्ड बदलताना

आमच्या पतसंस्थेचा विंडोज सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये, मी सांगलीत. पासवर्ड माहीत असलेला माणूस नोकरी सोडून गेला, म्हणून तो लगेच बदलायचा ठरलं. चेअरमनसाहेबांची परवानगी, लॉगिन, सगळं झटपट झालं.

अडलं ते एका कळीवर. विंडोजमध्ये पासवर्ड बदलायचा पडदा कंट्रोल-ऑल्ट-डिलीटने उघडतो, पण ते दाबलं की आपल्याच लॅपटॉपचा पडदा उघडतो, पलीकडे काहीच पोचत नाही. रिमोट डेस्कटॉपमध्ये, म्हणजे दूरचा संगणक आपल्या पडद्यावरून चालवायच्या सोयीत, त्याऐवजी कंट्रोल-ऑल्ट-एंड चालतं. पण आम्हाला आधी होस्टिंगवाल्यांच्या (ज्यांच्याकडे आमचा सर्व्हर ठेवलाय त्यांच्या) मधल्या सर्व्हरवर जावं लागतं, तिथून आमच्या. त्यामुळे एंड दाबलं की मधलाच सर्व्हर विचारतो, पासवर्ड बदलायचा का? वरचं खात्याचं नाव वाचलं म्हणून बरं, नाहीतर भलताच पासवर्ड बदलला असता.

होस्टिंगवाल्यांकडे तिकीट, म्हणजे लेखी तक्रार, टाकलं. उत्तर आलं, 'कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबा.' स्क्रीनशॉट लावून पुन्हा लिहिलं, तर तेच उत्तर आणि तिकीट बंद! फोनवर आधी 'इंजिनिअर परत फोन करतील', मग 'सर, तुमचा कीबोर्ड तपासा.' सभासदांच्या ठेवींचे हिशेब असलेल्या यंत्राची चावी बाहेरच्या माणसाकडे आहे, हे सांगूनही कुणाला घाई नव्हती. मधला सर्व्हर यांनीच घालून दिलेला, मग ही अडचण यांना ठाऊक नको? याचा संताप अजून जात नाही.

उपाय शेवटी मीच शोधला. आतल्या सर्व्हरवर 'रन'मध्ये ओएसके टाइप केलं की पडद्यावर कीबोर्ड येतो. कंट्रोल आणि ऑल्ट आपल्या कीबोर्डवर दाबून धरायचे आणि पडद्यावरच्या 'डेल'वर माउसने क्लिक करायचं. आमच्या सर्व्हरचा पडदा उघडला तेव्हा हायसं वाटलं.

कमांडने 'नेट युजर' वापरूनही काम होतं, पण त्यात जुना पासवर्ड विचारला जात नाही. तो रीसेट धरला जातो, त्यामुळे त्या खात्याने विंडोजमध्ये एन्क्रिप्ट (कुलूपबंद) केलेल्या फाइली उघडेनाशा होऊ शकतात.

आणि हो, हे आधीच करा: सर्व्हिसेसच्या (मागे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीत 'लॉग ऑन अ‍ॅज', म्हणजे ती कोणत्या खात्याने चालते, हा रकाना बघा. तिथे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असेल तर नवा पासवर्ड तिथेही भरावा लागतो, नाहीतर पुढच्या रीस्टार्टला ती सर्व्हिस 1069 एरर देऊन बंद राहते. टास्क शेड्युलरमधल्या, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप होणाऱ्या, बॅकअपचंही तेच. नव्या पासवर्डने आत जाता येतंय याची खात्री होईपर्यंत दुसऱ्या एखाद्या अ‍ॅडमिन खात्याने उघडलेलं सेशन बंद करू नका.