चार अंश की दोन?

कॅम, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, बदलायचा किडा मलाही चावला होता. छोट्या गाडीचं आठ व्हॉल्व्हचं इंजिन, हेडवर एकच कॅम, म्हटलं यात अवघड ते काय! २८० अंशांचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅम आणून बसवला. पाच हजार आरपीएमच्या वर गाडी सुसाट, त्याखाली मढं. आयडलिंगला तर हुडहुडी भरल्यासारखी थरथरायची.

इनटेक, म्हणजे हवा आत घेणारा व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, हे त्यामागचं कारण. पिस्टन वर यायला लागला तरी दार उघडंच, मग आत घेतलेली हवा पुन्हा मॅनिफोल्डच्या नळीत ढकलली जाते. आरपीएम चढले की त्याच हवेला वेग असतो, ती स्वतःच्या जोरावर आत घुसत राहते. पण मी दिवसातून किती वेळ पाच हजारांवर असतो? दोन मिनिटं, फार तर.

शेवटी कंपनीचाच कॅम परत चढवला. मात्र या खेपेला क्रँकवर (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) डिग्री व्हील, म्हणजे अंशांची चकती लावून. आधी टीडीसी, म्हणजे पिस्टन अगदी वर पोचतो ती जागा. डोळ्यांनी पाहून ते सापडत नाही, कारण अगदी वर आल्यावर क्रँक काही अंश फिरला तरी पिस्टन हलल्यासारखा वाटतच नाही. म्हणून प्लगच्या भोकात स्टॉपर घातला, क्रँक हाताने दोन्हीकडून त्याला टेकवला आणि मधला आकडा शून्य धरला. मग इनटेक व्हॉल्व्हवर डायल गेज, त्याची उचल मोजायला. पूर्ण उचलीच्या एक मिलिमीटर खाली, जाताना आणि येताना, दोन आकडे मिळाले: ८४ आणि १४०. सरासरी ११२, म्हणजे टीडीसीनंतर क्रँक इतके अंश फिरल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो. हवे होते १०८. म्हणजे माझा मूळ कॅमच चार अंश उशिरा चालत होता, आणि मी पिकअप नाही म्हणून कॅमला शिव्या घालत होतो!

हेडचं दोनदा फेसिंग, म्हणजे घासून सपाट करणं झालं होतं. हेड घासलं की कॅम क्रँकच्या जवळ येतो, क्रँकवरून कॅम फिरवणाऱ्या बेल्टची ओढणारी बाजू तेवढी आखूड होते आणि कॅम मागे पडतो. मिलिमीटरभर घासलं तर क्रँकवर साधारण दोन अंश जातात. उरलेले दोन बहुधा पुलीच्या चावीतल्या ढिलाईत.

बेल्ट एक दात सरकवून हे सुधारत नाही. पुलीला ४० दात असतील तर एक दात म्हणजे कॅमचे ९ अंश, क्रँकचे १८. म्हणून सरकवता येणारी पुली घेतली, चार खुणा पुढे केली, बोल्ट आवळले. पुन्हा मोजलं तर १०४! दहा मिनिटं नुसता बघत बसलो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक, हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. पुलीवरच्या खुणा कॅमच्या अंशांच्या होत्या. दोनच सरकवायच्या होत्या.

दोन खुणा मागे घेतल्या, १०८ आले. कॅम पुढे घेतला की इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो, त्यात हेड घासलेलं. म्हणून पिस्टनवर खेळायची माती थापून, हेड बसवून इंजिन हाताने फिरवलं. हेड उतरवून माती ब्लेडने कापली, सगळ्यात पातळ जागी १.९ मिलिमीटर. दीडच्या खाली मी जात नाही.

आता तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजारांवरून गाडी न कुरकुरता उचलते. बायको बसली, म्हणाली, थरथर गेली वाटतं. पिकअपबद्दल अवाक्षर नाही.