नव्या दोघी

दुपारी जेवून हात पुसत मागच्या दारात आलो तर आमची लंगडी कोंबडी जाळीपाशी उभी. जाळीच्या पलीकडं नव्या दोघी. लंगडी एक पाय पोटाशी घेऊन, मान तिरकी करून एका डोळ्यानं त्यांच्याकडं बघत होती आणि मधनंच जाळीतनं चोच घालून टोचायला जात होती. जाळी बारीक, चोच अर्धीच जाते. तरी पाच-सात वेळा केलं. मग लांब जाऊन उगंच दोन-चार वेळा माती उकरली, म्हणजे आपल्याला काय त्यांचं, असं दाखवायचं, आणि परत आली. मला दुकान उघडायचं होतं पण वीस मिनिटं तिथंच गेली माझी.

आमचं घर कळंब्याला. मागं दहा बाय पंधराची मोकळी जागा, त्यात एक खुराडा, धुण्याचा दगड आणि एक पेरूचं झाड. उन्हाळ्यात मुंगसानं दोन कोंबड्या नेल्या, राहिल्या पाच, म्हणून बाजारातनं दोन तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या, आणल्या. आणल्या त्या नेमक्या आषाढात. पिशवीतनं पाय बाहेर आलेले बघून गल्लीतल्या तिघांनी तरी विचारलं, काय, तांबडा का पांढरा? पाळायला आणल्यात म्हटलं की लोक असं बघतात की बिचाऱ्याचं काहीतरी बिघडलंय. कोल्हापुरात आषाढात कोंबडी घरी नेऊन तिला दाणे घालणारा माणूस म्हणजे तसा अवघडच विषय.

एकटी नवी कोंबडी आणायची नाही, आणायच्या तर दोन. एकटीला सगळ्या मिळून झोडपतात, दोन असल्या की मार वाटून जातो. आणि आणल्या आणल्या थेट आत सोडायच्या नाहीत, तीन-चार आठवडे लांब ठेवायच्या, हे जनावरांच्या डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. लासोटा लसीचे थेंब घालून घेतलेले, पण बाजारातनं काय घेऊन आल्यात कुणी सांगावं. मानमोडी आली तर पाचच्या पाच जातील. तिलाच राणीखेत म्हणतात. मला कायम त्या गावाचं वाईट वाटतं. तिकडं उत्तराखंडात एवढं सुंदर थंड हवेचं ठिकाण, लोक तिथं हनिमूनला जातात, आणि आमच्याकडं नाव काढलं की कोंबड्या माना टाकताना दिसतात.

तर तीन आठवडे त्या दोघी जिन्याखाली. आधी जुन्यांना दाणे घालायचे, मग हात धुऊन, चपला बदलून नव्यांकडं जायचं. बायको म्हणाली, माझ्या माहेरचे आले तेव्हा एवढी काळजी नव्हती घेतली. पुढचा आठवडा मधी जाळी लावून शेजारीशेजारी. एकमेकींना बघू दे, शिव्या देऊ दे, फक्त हात लागायला नको.

आमच्या आज्जीचं असलं काही नव्हतं. राधानगरीकडं आजोळ, तिथं नवी कोंबडी आली की तिला हातात धरून चुलीभोवती तीनदा फिरवायचं आणि तीन दिवस डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपलीखाली, झाकायचं, की घर धरलं कोंबडीनं. डालग्याच्या फटीतनं तिचा एक गोल डोळा दिसायचा. मी पालथा पडून त्या डोळ्यात बघत बसायचो, ती पापणी खालनं वर मिटायची, खालनं वर, मला त्याची भीती पण वाटायची आणि उठवत पण नव्हतं. बाकीच्या कोंबड्या डालग्याभोवती फिरून वास घेतल्यासारखं करायच्या. म्हणजे आज्जीचं डालगं आणि माझी साडेचारशे रुपयांची जाळी, काम एकच. चुलीचं तेवढं काय करायचं मला कळेना. गॅसभोवती फिरवायला बायकोनं हाकलून दिलं.

संध्याकाळी आज्जी कोंबड्या मोजायची. लाभ, दोन, तीन, चार. एक म्हणायचं नाही, धान्य मापताना म्हणतात तसं लाभ. आणि शेवटचा आकडा मोठ्यानं बोलायचा नाही, नजर लागते. ती खोड माझ्यात उतरली. मी पण रोज सांजेला मोजतो, पाचच कोंबड्या, त्या सुद्धा दोनदा मोजतो, आणि पाच म्हणताना आवाज आपोआप खाली जातो. पोरं हसतात.

ह्या टोचाटोचीवर नॉर्वेतल्या एकानं अभ्यास केलाय. थॉर्लीफ शेल्डरप-एब्बे त्याचं नाव, लहान पोरगं असल्यापासनं कोंबड्यांत रमलेला, कोण कुणाला टोचते ते लिहून ठेवायचा, आणि मोठा झाल्यावर 1922 साली ते शास्त्रज्ञांच्यात छापून आणलं. त्याचं म्हणणं, कळपात उतरंड असते, वरची खालचीला टोचते, खालची वरचीला उलट टोचत नाही, आणि हे एकदा ठरलं की रोज भांडावं लागत नाही. नवी आली की मात्र सगळं पहिल्यापासनं. पण त्यातली मला आवडलेली गोष्ट वेगळीच, त्याला काही ठिकाणी त्रिकोण सापडले. पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी फिरून पहिलीलाच.

हे मी वाचायच्या आधीच बघितलेलं. 2019 च्या ऑगस्टात, घरात.

त्या महापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलेलं. धोका पातळी 43. हायवे बंद, पेट्रोल नाही, दूध नाही. मावशी नदीकाठच्या चिखलीची. चिखली म्हटलं की कोल्हापूरच्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. ती आधी ट्रॅक्टर, मग बोट, मग कुणाच्यातरी टेम्पोतनं रात्री आमच्या दारात उतरली, दोन सुना, एक पोरगा, तीन नातवंडं आणि एक बोचकं. बोचक्यात कागदपत्रं असतील म्हणून मी घ्यायला गेलो तर ते हललं. आत चार कोंबड्या. बोटीत घेणार न्हाईत म्हणून वर चादर गुंडाळून मांडीवर घेऊन बसली होती बाई. "म्हशी सोडून आलो बाळ्या," म्हणाली, "ह्या तरी घिऊन आलो." पाय नायलॉनच्या दोरीनं आवळून बांधलेले. एकीची दोरी सुटेना, कात्रीनं कापली तर पायाला खोल वळ पडलेला, ती जी लंगडायला लागली ती आजपर्यंत.

आठवडाभर वेगळं ठेवा, जाळी लावा, कुणाला सुचणार? मी त्या चौघी रात्री साडेअकराला थेट आमच्या सहांच्या खुराड्यात ढकलल्या. आणि सांगतो, चार दिवस एक टोच नाही. पाऊस थांबत नव्हता, दहाच्या दहा पिसं फुगवून एकमेकींना चिकटून बसलेल्या. घरात पण तसंच. अकरा माणसं, एक बाथरूम, आणि कुणाचा आवाज चढत नव्हता. आई मावशीला वाढायची, मावशी नको नको म्हणायची, सगळे मिळून मोबाईलवर पाण्याची पातळी बघायचे. रात्री म्हशींचा विषय निघाला की सगळी गप्प.

पाचव्या दिवशी ऊन पडलं. पाणी इंचाइंचानं उतरायला लागलं आणि भांडणं चढायला लागली. मागं खुराड्यात तुरे रक्तबंबाळ, आणि पुढं स्वयंपाकघरात आमची चटणी जास्त तिखट की मावशीची, आमटीला कट का येईना, फ्रीजमधलं कुणी काय काढलं. आई मावशीला टोचायची, मावशी माझ्या बायकोला, आणि बायको आईला. नॉर्वेवाल्याचा त्रिकोण, अगदी वहीत काढल्यासारखा. मी त्यात कुठंच नव्हतो. मी दाणे आणून टाकणारा.

जाताना मावशीनं तीन नेल्या. लंगडी पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसली, निघंना. मावशी म्हणाली राहू दे, पाण्यातनं आलीया, परत तिकडं कशाला.

म्हणजे लंगडीचं वय धरा. अंडी कधीच बंद झाली. आणि एवढी वर्षं ती आमच्यात सगळ्यात खाली. दाणे टाकले की हिचा नंबर शेवटचा, दांडीवर हिची जागा टोकाला, जिथं पावसाचे शिंतोडे येतात तिथं. नंतर आलेल्या सुद्धा दोन महिन्यांत हिच्या वर गेल्या. अशा कोंबडीनं नव्यांना कसं वागवावं? सगळ्यात वरची जी मोठी तांबडी, ती नव्यांकडं ढुंकून बघत नाही. जी मधली काळी, ती एकदा टोचून गेली आपल्या कामाला. आणि ही लंगडी दिवसभर जाळीला.

आदल्या रात्री मी जाळी काढली. अंधारात कोंबडीला दिसत नाही, तेव्हा नव्यांना उचलून गुपचूप दांडीवर जुन्यांच्या मधी बसवायचं, सकाळी उठतात तर सगळ्या एकत्रच, आपण कालपण एकत्रच होतो काय अशा विचारात पडतात, असा हिशोब. बसवल्या. सकाळी दोन ठिकाणी दाणे, दोन ठिकाणी पाणी, मेथीची जुडी सुतळीनं टांगून ठेवली म्हणजे सगळ्यांचं ध्यान तिकडं, लपायला फळ्या लावलेल्या. तयारी लग्नघरासारखी. आणि साडेसहाला आरडाओरडा ऐकून गेलो तर एक तलंग कोपऱ्यात डोकं घालून बसलेली, तुऱ्यातनं रक्त, आणि लंगडी तिच्या पाठीवर उभी. धड दोन पायांवर जिला उभं राहता येत नाही ती. रक्त दिसलं की बाकीच्या पण सुरू होतात, म्हणून पटकन उचलली, हळद दाबली, जाळी परत लावली. आता अजून आठवडाभर बघायचं, नाहीतर मग लंगडीलाच चार दिवस डालग्याखाली.

दुपारी ते सगळं बघत उभा असताना माझ्या मनात ह्यावर काहीतरी चांगलं आलेलं. कोण कुणाला का टोचतं असं काहीतरी, बरं होतं, वाक्य पण जुळलेलं. दुकानात गिऱ्हाईक आलं आणि गेलं ते.

संध्याकाळी मावशीचा फोन आला. पावसाळ्यात तिचा फोन येतोच, आधी लंगडीची चौकशी. "हाय का जिती?" हाय की, म्हटलं, आज एकीचा तुरा फोडला. मावशी हसली खूप वेळ. मग म्हणाली, काल पाणी 37 फूट होतं, आज 38 वर गेलंय, 39 ला इशारा, रातभर पाऊस हाय म्हणत्यात. मी म्हटलं, होय, बघतोय मी पण.

"बाळ्या, औंदा सा हायत माझ्याकडं," ती म्हणाली, "आणू का?"

आण की, म्हटलं. फोन ठेवून मागं गेलो, मोजल्या. लाभ, दोन, तीन, चार, पाच, आणि पलीकडं दोन. मग जिन्याखालची जागा झाडून घेतली.